आटलेल्या गणवेशांचा छडा

"मी एक साधा माणूस आहे," असं म्हणून भाऊजी थांबले.

समोरच्यानं इथे 'छे छे, साधे कसले तुम्ही' असं म्हणावं, म्हणून ते नेहमी थांबतात. पण टेलरमास्तरांच्या तोंडात दोन टाचण्या होत्या, त्यामुळे ते काही बोलले नाहीत. मग ते कामही भाऊजींनीच उरकलं. "साधा, नम्र. पण बुद्धी अलौकिक निघाली, त्याला माझा इलाज नाही. नजर गरुडाची, कान सशाचे, चाल बिबट्याची..."

'आणि पोट स्वतःचं,' असं मेहुण्यानं वहीत लिहिलं. मोठ्यानं म्हणाला नाही, कारण ताईच्या घरी रोज जेवायचं होतं.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. तीस वर्षं त्यांनी उंदीर निर्मूलन खात्यात काढली होती. त्या काळाबद्दल बोलताना ते 'फरारी आरोपींच्या मागावर असताना' असा शब्दप्रयोग करत. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी त्यांना पेपर वाचायला सोयीचं पडावं म्हणून एक भिंग दिलं, आणि घात झाला. दुसऱ्याच दिवशी दारावर 'रहस्यभेदक' अशी पाटी लागली. डोंगर पोखरून उंदीर काढायची सवय जुनीच होती. फरक एवढाच की नोकरीत निदान उंदीर तरी निघायचा.

मेहुणा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, वय चाळीस. सकाळी ग्रंथालयात पुस्तकं लावायचा आणि दुपारी भाऊजींनी केलेली निस्तरायचा. "ह्यांना एकटं सोडू नकोस रे," असं ताईनं त्याला बजावलं होतं. "मागच्या तपासात टपालपेटीत हात घालून अडकले होते. पोस्टमन येईपर्यंत चार तास उभे होते."

तर असे हे दोघे टेलरमास्तरांच्या दुकानात स्टुलावर बसले होते. दुकान लहान, पण नीटनेटकं. एका बाजूला पायाचं शिलाई मशीन, मध्ये कापड बेतायचं लांब टेबल, टेबलावर खडू आणि भलीमोठी कात्री, आणि कोपऱ्यात निळ्या पँटचा हा एवढा ढीग. ढिगाच्या आड रफूमावशी बसल्या होत्या. काजं, बटणं, रफू, ठिगळं ही सगळी खाती त्यांच्याकडे. ढिगावरून त्यांचा फक्त चष्मा दिसत होता.

मास्तरांनी टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. "शाळेचे गणवेश आटताहेत," ते म्हणाले.

"आटताहेत!" भाऊजींनी भिंग काढलं. "किती?"

"दीडशेच्या वर परत आलेत. सव्वीस वर्षं मी ह्या शाळेचे कपडे शिवतोय साहेब, माप कधी चुकलं नाही. यंदा रोज कोणाची तरी आई येते आणि पँट टेबलावर आपटते. 'मास्तर, कापड आटलं, बटण लागत नाही.' आता शाळेनं पत्र पाठवलंय. शनिवारी समितीपुढे खुलासा द्यायचा, नाहीतर पुढच्या वर्षीपासून सगळं काम रेडिमेडवाल्याला." मास्तरांनी गळ्यातली टेप उगाचच नीट केली. "काम जाईल ते जाईल. पण त्या पत्रात 'सदोष माप' असं लिहिलंय. ह्या वयात सदोष माप म्हणवून घ्यायचं म्हणजे..."

 मेहुण्यानं वही मिटली. त्याच्या स्वतःच्या शाळेच्या पँट ह्याच टेबलावर बेतल्या गेल्या होत्या.

"मी काय म्हणते," ढिगाआडून रफूमावशी म्हणाल्या, "ह्या पँटांचं जरा..."

"मावशी," भाऊजींनी तळहात वर केला, "तपास चालू आहे. व्यत्यय नको."

चष्मा पुन्हा ढिगाआड गेला.

"एक सांगतो," मास्तर म्हणाले. "शाळेच्या कपड्याला मी कायम वाढत्या अंगाचं माप ठेवतो. कमरेला आणि पायाला आत दोन-दोन बोटं कापड दुमडलेलं असतं. पोर वाढलं की उसवून सोडायचं. दोन वर्षं बिनघोर चालतं. यंदा कमरेचं सगळं कापड तीन महिन्यांत सोडून झालं. आणि पायाची घडी, ती मात्र तशीच्या तशी."

भाऊजींनी डोळे मिटले. अलौकिक बुद्धी चालू झाली की ते डोळे मिटतात. झोप लागली तरी मिटतात, म्हणून मेहुण्याला दरवेळी खात्री करून घ्यावी लागते.

"म्हणजे," शेवटी ते म्हणाले, "गुन्हेगार फक्त कमरेपाशी काम करतो. पायांना हात लावत नाही. बुटका आहे, आणि त्याचे हात कमरेच्या वर पोचत नाहीत." मग ते एकदम उठले आणि त्यांनी आपल्या तपासाच्या कोटाकडे बोट दाखवलं. त्या कोटाला चार बटणं होती आणि गेल्या दोन वर्षांपासून त्यातलं वरचं एकच लागत होतं. "हे पाहा! माझाही कोट आटलाय! मास्तर, हे प्रकरण शाळेपुरतं नाही. हे माझ्यापर्यंत पोचलंय."

कोट का आटला हे ताईला, शेजाऱ्यांना आणि कोपऱ्यावरच्या केकवाल्याला ठाऊक होतं. केकवाल्याला तर तारीखवार ठाऊक होतं. पण काखेत कळसा असला तरी गावाला वळसा घालायचा हा भाऊजींचा नियम होता.

पहिला संशय टेपवर गेला. भाऊजींनी मास्तरांच्या गळ्यातली टेप काढून घेतली, तिचा वास घेतला, आणि ती टेबलाच्या कडेला लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली.

"टेप निर्दोष आहे. बरोबर दीडशे सेंटिमीटर भरली."

"कशानं मोजली?" मेहुण्यानं विचारलं.

"टेपनं."

मेहुण्यानं 'टेपला टेपच साक्ष' असं लिहून ठेवलं.

दुसरा संशय धुण्यावर. कपडे गरम पाण्यात आटतात हे भाऊजींनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी ढिगातून एक पँट उचलली आणि ताईच्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात ती दोन तास उकळली. मग वाळवून मोजली. पँट होती तेवढीच होती. पातेलं मात्र निळं झालं.

"पँट आटली नाही, म्हणजे पाण्यात दोष नाही," भाऊजी समाधानानं म्हणाले. "एक आरोपी सुटला."

"तुम्हीही सुटलात, पण घासणीनं," ताई म्हणाली आणि तिनं पातेलं त्यांच्यापुढे ठेवलं. त्या दिवसाचा उरलेला तपास मोरीत झाला.

तिसरा संशय रेडिमेडवाल्यावर. त्याचा फायदा होता, म्हणजे हेतू होता. भाऊजी आणि मेहुणा त्याच्या दुकानासमोर दोन दिवस पाळत ठेवून उभे राहिले. उभे म्हणजे बसले, कारण समोर केकवाल्याकडे बाकं होती. पाळतीचा नियम असा की आपण गिऱ्हाईक आहोत असं भासलं पाहिजे, म्हणून भाऊजी दर पाऊण तासाला काहीतरी मागवत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोटाचं उरलेलं एक बटणही सुटलं.

"बघ! मी त्याच्या दुकानासमोर बसलो काय, आणि कोट आणखी आटला काय! हा माणूस दुरून काम करतोय!"

"भाऊजी, तुम्ही आज सहा खाल्लेत."

"पाळतीवर खाल्लेलं अंगी लागत नाही," भाऊजी म्हणाले.

रेडिमेडवाल्याविरुद्ध एवढाच पुरावा मिळाला की तो दुपारी दुकानातच घोरतो. बुधवार संपला. शनिवार तोंडावर आला होता, आणि मास्तर आता मशीनवर बसून नुसतेच पाय हलवत होते. त्यात दोराही ओवलेला नसायचा. "मी काय म्हणते," असं मावशींनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. पण भाऊजी तेव्हा त्यांच्या सुयांच्या पुड्यावर बोटांचे ठसे शोधत होते. त्यात त्यांना सुई टोचली. त्याला त्यांनी 'प्राणघातक हल्ला' म्हटलं आणि विषय तिथेच संपला.

गुरुवारी ते गुन्ह्याच्या मूळ जागी, म्हणजे शाळेत गेले.

शाळेच्या दारावरच 'आरोग्य हीच आमची ओळख' असा लांबलचक फलक होता. तो वाचत वाचत आत गेलं की मुख्याध्यापिकांची खोली लागे. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या मागच्या कपाटात ढालीच ढाली होत्या. सगळ्यांत मोठी ढाल होती 'सर्वांत हिरवी शाळा' ह्यासाठीची.

"आमच्याकडे आरोग्याला पहिलं स्थान," मोठ्या बाई म्हणाल्या. "आधी नुसता खेळाचा तास असायचा. मुलं यायची, धावायची, घामाघूम होऊन जायची. हातात काय राहायचं? काहीच नाही! आता त्या जागी आरोग्य विषय घातलाय. लेखी, शंभर गुणांचा. चला, दाखवते."

वर्गात पी.टी.चे सर खुर्चीत बसून धावण्याचे फायदे सांगत होते. गळ्यात शिट्टी नव्हती, हातात खडू होता. मुलं माना खाली घालून लिहीत होती.

"धावण्याचे दहा फायदे कोण सांगेल?" सरांनी विचारलं. आवाजात पुष्कळ कंटाळा होता.

एका मुलानं बसल्या बसल्याच सांगून टाकले. हृदय मजबूत होतं, हाडं बळकट होतात, वजन आटोक्यात राहतं. दहाच्या दहा. त्याला बक्षीस म्हणून क्रीमच्या बिस्किटांचा पुडा मिळाला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. पुढचा प्रश्न 'संतुलित आहार म्हणजे काय' असा होता. त्याचं बक्षीस चॉकलेट.

मेहुण्याला हे थोडं विचित्र वाटलं. भाऊजींना वाटलं नाही. ते भिंगातून फळ्याचं लाकूड तपासत होते.

वर्गामागे मैदान होतं. म्हणजे होतं असं ऐकिवात होतं. आता तिथे लोखंडी फाटक, त्याला कुलूप, आणि कुलपामागे हिरवंगार, मऊ, एकसारखं कापलेलं गवत. कडेला पाटी: 'गवतावर पाय ठेवू नये.' सर्वांत हिरव्या शाळेची ढाल ह्याच गवतावर मिळाली होती.

भाऊजी फाटकाच्या गजांतून डोकं घालून बराच वेळ पाहत राहिले. मग डोकं बाहेर काढताना जरा अडचण आली, ती मेहुण्यानं कानांना धरून सोडवली.

"एकही पाऊल नाही," भाऊजी कुजबुजले. "सबंध मैदानात एकही पाऊल उमटलेलं नाही. ह्याचा अर्थ कळला?"

"काय?" मेहुण्यानं आशेनं विचारलं. क्षणभर त्याला खरंच वाटलं की आता भाऊजी बरोबर बोलणार.

"गुन्हेगार हवेतून आला!"

मधली सुट्टी झाली. तीनशे मुलं एका अरुंद पडवीत आली. धावायला जागा नव्हती. जिन्यावर धावलं तर शिक्षा होती. मग उरली ती उपाहारगृहाची खिडकी. सगळी शाळा तिथे रांगेत उभी राहिली आणि चिप्सची पाकिटं आणि थंड पेयांच्या बाटल्या घेऊन भिंतीला टेकून बसली. दुसरं करायचं तरी काय त्यांनी?

मेहुणा पायरीवर टेकला. शेजारी नऊएक वर्षांची एक मुलगी बसली होती. तिनं शर्ट बाहेर काढून कमरेवरून खाली ओढून धरला होता. पँटला बटणाऐवजी मोठी पिन लावली होती, ती दिसू नये म्हणून.

"तुम्ही कपडेवाल्या आजोबांकडून आलात ना?" तिनं हळूच विचारलं.

"हो."

"मग एक सांगा ना काका. माझी पँट खराब आहे की मी? आई म्हणते कापड खराब आहे. वर्गातली मुलं म्हणतात, कापड नाही, तूच."

मेहुणा ग्रंथालयात काम करायचा. त्याच्या हाताखालून हजारो पुस्तकं गेली होती, पण हा प्रश्न त्यातल्या एकातही नव्हता. त्याला फार वाईट वाटलं आणि तितकाच रागही आला. कोणाचा राग आला हे त्याला नीटसं कळत नव्हतं.

"तू मुळीच खराब नाहीस," तो म्हणाला. "पँटही नाही. आम्ही शोधतोय काय झालंय ते."

"कोण शोधतंय? ते?" तिनं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी उडणाऱ्या गुन्हेगाराचा मार्ग पाहायला मान वर करून मागे मागे चालत होते, आणि त्याच वेळी कचऱ्याच्या टोपलीत बसले.  मुलीनं सुस्कारा टाकला.

शनिवार उजाडला. शिक्षकांच्या खोलीत समिती बसली. टेबलाच्या टोकाला मोठ्या बाई, शेजारी पी.टी.चे सर, समितीचे तिघं, एका बाजूला पालक म्हणून त्या मुलीची आई आणि तिच्याबरोबर ती मुलगी. मास्तर धुतलेला शर्ट घालून आले होते आणि टेप गळ्यातच राहिली होती. रफूमावशी दुरुस्तीच्या पँटांचं गाठोडं आणि एक जुना पत्र्याचा डबा घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही.

भाऊजींनी खिडक्या लावून घेतल्या. पंखाही बंद केला. अशा वेळी वातावरण लागतं.

"गुन्हेगार," ते म्हणाले, "ह्याच खोलीत आहे!"

समितीतले एक गृहस्थ दचकले. नंतर कळलं की ते झोपले होते.

"पहिला संशय टेपवर होता. ती निर्दोष. दुसरा गरम पाण्यावर. ते मी स्वतः घासून... तपासून पाहिलं. तिसरा रेडिमेडवाल्यावर. पण तो दुपारभर झोपतो, आणि झोपलेला माणूस गुन्हा करत नाही. चौथा हवेतून येणाऱ्यावर. त्याचे पंख सापडले नाहीत. मग उरलं कोण?" ते टेबलाभोवती हळूहळू फिरू लागले. "तीस वर्षं फरारी आरोपींच्या मागावर असताना मी एक गोष्ट शिकलो. उंदीर कुठे सापडतो? जिथे धान्य आहे तिथे! मग कापडाचा चोर कुठे सापडेल? जिथे सगळ्यांत जास्त कापड आहे तिथे!"

बोट गर्रकन फिरलं आणि मास्तरांवर थांबलं.

"तुम्ही! दुमडलेली दोन बोटं तुम्हीच कमी ठेवलीत!"

"भाऊजी!" मेहुणा ओरडला. "ते आपले अशील आहेत!"

"खरा रहस्यभेदक अशिलालाही सोडत नाही," भाऊजी अभिमानानं म्हणाले.

 मास्तरांचा चेहरा एकदम उतरला. सव्वीस वर्षं वाढत्या अंगाचं माप ठेवलेला माणूस आपल्याच पैशानं आणलेल्या गुप्तहेराकडून चोर ठरला होता. मेहुण्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मग प्रश्नच मिटला," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन उघडलं.

"मी काय म्हणते," दाराशी आवाज आला.

"मावशी, तपास..."

"तपास झाला ना तुमचा? मग गप बसा जरा," रफूमावशी म्हणाल्या. पुढे येऊन त्यांनी तो पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला. त्यातून तळहाताएवढे निळे, गोल तुकडे भराभर बाहेर पडले. समितीच्या कागदांवर आणि मोठ्या बाईंच्या पेनावर.

"हे काय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"गुडघे. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी मी दोनशे तुकडे कापून ठेवते. ठिगळाला. दिवाणखान्यातले पडदे फाटत नाहीत, पण पोरांचे गुडघे फाटतातच. कधीकधी डबा मध्येच संपतो, पुन्हा कापावे लागतात. यंदा मोजून घ्या. दोनशेच्या दोनशे आहेत."

"म्हणजे कपडे टिकले," समितीतले गृहस्थ म्हणाले. "चांगलंच की."

"कपडे टिकले, साहेब, पोरं बसली!" मावशींनी गाठोडं सोडलं आणि तीन-चार पँट टेबलावर पसरल्या. "हात लावून बघा. गुडघा कसा आहे? नव्यासारखा. आणि ही मागची बाजू? घासून चकचकीत झालीय, आरपार दिसतं. वर्षभर पोरगं नुसतं बसलंय. बसून खाल्लंय. मग कमरेचं कापड पुरेल कसं? मास्तरांनी दोन बोटं ठेवली काय आणि दोन हात ठेवले काय! कापड नाही हो आटलं. पोरांचं खेळणं आटलं. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, पण इथे ज्याच्या हातात भिंग तो शहाणा."

 भाऊजींनी भिंग खिशात घातलं.

"मैदानाला कुलूप कधीपासून आहे?" मेहुण्यानं विचारलं.

उत्तर पी.टी.च्या सरांनी दिलं. "गवत लावलं तेव्हापासून. अकरा महिने." त्यांनी समोरचा ड्रॉवर उघडला, आतून शिट्टी काढली आणि ती हातात फिरवत राहिले. "अकरा महिने मी ही वाजवली नाही. धावण्याचे फायदे मात्र तीनशे मुलांना पाठ करून घेतले."

"पण आरोग्य विषयात आमची मुलं पहिली आली!" मोठ्या बाई म्हणाल्या. "सरासरी ब्याण्णव गुण!"

"पेपरात आली, बाई," सर म्हणाले. "काल वर्गाला जिन्यानं वर नेलं, तर ब्याण्णव गुणवाले पहिल्या मजल्यावर थांबून धापा टाकत होते."

मोठ्या बाईंनी आपल्या खोलीच्या, म्हणजे ढालींच्या दिशेला पाहिलं. मग टेबलावरच्या गुडघ्यांकडे. तुकड्यांखालून पेन शोधून त्यांनी ते बंद केलं.

मास्तर उठले. ते मुलीपाशी गेले आणि गुडघ्यावर बसले. "बाळा," ते म्हणाले, "जरा पळून दाखवतेस? त्या फाटकापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत. तुझं माप मला नीट कळेल."

मुलीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग मोठ्या बाईंकडे.

"पळू?" तिनं विचारलं. "गवतावरून? शिक्षा नाही होणार?"

नऊ वर्षांच्या पोरीनं पळायला परवानगी मागावी, ह्याची लाज त्या खोलीत सगळ्यांना एकदमच वाटली. मोठ्या बाईंनासुद्धा. त्यांनी पर्स उघडली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

माळी मागच्या दारानं ये-जा करायचा, त्यामुळे कुलूप गंजलं होतं, ते उघडेना. भाऊजी भिंगानं त्यावर ऊन पाडू लागले, तोवर मास्तरांनी पिशवीतून मशीनच्या तेलाची कुपी काढून दोन थेंब सोडले. कुलूप खट्कन उघडलं. पी.टी.च्या सरांनी शिट्टी तोंडात धरली. पहिल्यांदा नुसती हवाच आली. दुसऱ्यांदा ती अशी वाजली की वर्गावर्गांतून डोकी बाहेर आली.

मुलगी धावली. सुरुवातीला जपून, दोन्ही हातांनी पँट धरून. मग मध्यावर तिनं हात सोडले. भिंतीला हात लावून वळली तेव्हा दमली होती, लाल झाली होती, आणि हसत होती. परत येताना पिन तुटली आणि शर्टाचं ताणलेलं खालचं बटण तुटून सणसणत आलं ते थेट भाऊजींच्या कपाळावर.

"पुरावा!" भाऊजी कपाळ धरून ओरडले. "गुन्ह्याचं हत्यार मला सापडलं!"

पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, कारण शंभरेक मुलं विचारल्यावाचून फाटकातून आत घुसली होती.

पुढचं सगळं नेहमी होतं तसंच झालं. आठवड्याभरात शाळेच्या दारावर नवा फलक लागला: 'मुक्त मैदान उपक्रम. संकल्पना: मुख्याध्यापिका.' समितीनं मास्तरांना पत्र पाठवलं. त्यात 'सदोष' हा शब्द मागे घेतला होता आणि पुढच्या वर्षीचं काम दिलं होतं. माफी मात्र मागितली नव्हती, कारण समित्यांना ती येत नाही. बिस्किटांच्या बक्षिसाऐवजी दहा मिनिटं जास्त खेळायला मिळू लागलं, आणि त्यानंतर आरोग्याची उत्तरं देण्यात भलतीच चुरस सुरू झाली. उपाहारगृहाच्या खिडकीत फळं आणि ताक दिसू लागलं. चिप्स पूर्ण गेल्या नाहीत, पण रांग गेली, कारण रांगेत उभं राहायला आता कोणाला सवड नव्हती. गवताच्या पाटीखाली पी.टी.च्या सरांनी रंगानं एक ओळ वाढवली. आता पाटी अशी होती: 'गवतावर पाय ठेवू नये. पळावे.'

मुलं काही महिन्याभरात काटकुळी झाली नाहीत, आणि तशी व्हायची गरजही नव्हती. पण मास्तरांच्या मापाच्या वहीत कमरेचे आकडे एका जागी थांबले, आणि पायाच्या घड्या सोडायचं काम सुरू झालं. मास्तर आता मशीनमध्ये दोरा ओवून बसत.

दीड महिन्यानं एका दुपारी ती मुलगी आणि तिची आई दुकानात आल्या. आईनं पँट टेबलावर आपटली.

"बघा मास्तर! दोन्ही गुडघे! नवी पँट होती! ही पोरगी आहे की वादळ आहे हेच कळत नाही मला!"

मुलगी दारात उभी होती. शर्ट आत खोचलेला, कोपराला खरचटलेलं, आणि चेहऱ्यावर असा काही रुबाब की जणू ढाल तिलाच मिळाली होती. रफूमावशींनी चष्मा वर करून पँट पाहिली. दोन्ही गुडघ्यांच्या चिंध्या झाल्या होत्या.

"सुंदर फाटलीय," त्या म्हणाल्या आणि डबा उघडला. मास्तरांना डोळे पुसायला टेपचंच टोक सापडलं.

महिन्याअखेर डबा रिकामा होत आला. शेवटचा एक तुकडा उरला होता, त्या दिवशी भाऊजी लंगडत दुकानात शिरले. मागे मेहुणा. भाऊजींची तपकिरी पँट उजव्या गुडघ्यावर फाटली होती आणि कोटाची खालची दोन बटणं लागली होती. रोज संध्याकाळी ते 'गुन्ह्याच्या जागेची फेरतपासणी' करायला मैदानावर जातात आणि केकवाल्याकडची पाळत उठवली आहे, असं ताई सांगत होती.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"झटापट," भाऊजी गंभीरपणे म्हणाले. "चौघंजण होते. मी एकटा. फार बोलता येणार नाही."

मावशींनी काही विचारलं नाही. त्यांनी शेवटचा निळा तुकडा काढला आणि तपकिरी गुडघ्यावर नीट बेतून शिवून टाकला. शिवत असताना भाऊजी तीनदा ओरडले आणि एकदा त्यांनी सुईवर पुन्हा संशय घेतला. पुढच्या अशिलाला ते हे ठिगळ बंदुकीच्या गोळीची खूण म्हणून दाखवणार हे उघड होतं.

मेहुण्यानं वही उघडली. प्रकरणाच्या शेवटी खरं काय ते लिहायची त्याची पद्धत होती, कारण कोणीतरी लिहायला हवं. चौघं होते हे खरं होतं. सगळ्यांत मोठी ती नऊ वर्षांची होती. त्यानं लिहिलं: 'पकडापकडी. राज्य भाऊजींवर होतं. एकही सापडलं नाही.'